बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर तपासा : नव्या गाडीमालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

साताऱ्यात राहून स्वतःची गाडी चालवणाऱ्याला पावसाळ्यात हेडलाइट, वायपर आणि काचेवरचे धुके घालवणारा ब्लोअर असे सगळे एकदम चालू ठेवून घाट चढावे-उतरावे लागतात. या सगळ्यांना वीज पुरवणारा भाग म्हणजे अल्टरनेटर. तो सहसा एकाएकी बंद पडत नाही; कित्येक दिवस, कधी कधी महिने आधीपासून तो सूचना देत असतो. मला त्या सूचना वाचता आल्या नाहीत. गाडी सकाळी चालू होईना म्हणून मी नवी बॅटरी घेतली, ती दोन महिन्यांत बसली तेव्हा दुकानदाराशी वाद घातला, आणि त्याने बॅटरी तपासून ती चांगली असल्याचे दाखवल्यावरही माझा विश्वास बसला नाही. पुढे जुलै महिन्यात एका रात्री पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात वायपर काचेच्या मध्यावर येऊन रेंगाळू लागले आणि हेडलाइटचा उजेड पिवळा पडत गेला. घाट कसाबसा ओलांडला. सुरूर फाट्याच्या अलीकडे इंजिन बंद पडले ते पुन्हा चालू झाले नाही.

दुसऱ्या दिवशी ज्या वयस्कर इलेक्ट्रिशियनने गाडी पाहिली, ते मीटर लावून दोन मिनिटांत म्हणाले, "ताई, बॅटरीला नावं ठेवू नका, तिला खायलाच मिळत न्हाई." त्यांनी मला जे शिकवले आणि नंतर मी स्वतः तपासून जे समजून घेतले, ते पहिल्यांदाच गाडी घेतलेल्यांसाठी क्रमाने लिहीत आहे.

१. अल्टरनेटरचे काम आधी समजून घ्या

बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करण्याचे असते. इंजिन एकदा सुरू झाले की गाडीतील सगळी वीज अल्टरनेटर पुरवतो आणि सुरू करताना खर्च झालेला बॅटरीचा भागही तोच भरून काढतो. इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून येणाऱ्या रबरी बेल्टने तो फिरतो. आत फिरणाऱ्या रोटरला कार्बनच्या दोन लहान तुकड्यांमधून वीज मिळते, त्यामुळे बाहेरच्या स्थिर गुंडाळीत उलटसुलट वाहणारी वीज तयार होते, डायोडची प्लेट ती एका दिशेची करते आणि रेग्युलेटर तिचे व्होल्टेज ठरावीक मर्यादेत ठेवतो. आपल्याकडचे जुने मिस्त्री अल्टरनेटरला डायनामो आणि रेग्युलेटरला कटआउट म्हणतात. गॅरेजमध्ये हे शब्द कानावर पडले तर गोंधळून जाऊ नका, बोलणे याच भागांबद्दल चाललेले असते.

म्हणजे बिघाडाच्या जागा मोजक्याच आहेत : बेल्ट, कार्बन, बेअरिंग, डायोड, रेग्युलेटर, गुंडाळी आणि बाहेरच्या वायरी. यातला प्रत्येक भाग बिघडताना वेगळी खूण दाखवतो.

२. लक्षणे ओळखायला शिका

सर्वांत महत्त्वाची खूण डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या चित्राची आहे. चावी फिरवल्यावर हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. इंजिन चालू असताना तो पेटलेला राहिला, मंद मिणमिणला किंवा इंजिन रेस केल्यावर कमी-जास्त झाला, तर चार्जिंगच्या व्यवस्थेत दोष आहे असे समजा. या दिव्यावर बॅटरीचे चित्र असल्यामुळेच बहुतेक जण बॅटरीच्या दुकानात जातात; मीही तेच केले. चावी फिरवल्यावर हा दिवा मुळीच लागत नसेल, तर तेही चांगले लक्षण मानू नका, कारण अनेक गाड्यांत या दिव्याच्या वायरीतूनच अल्टरनेटरला जागे होण्याचा पहिला इशारा मिळतो.

दुसरी खूण उजेडाची. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट लावा, ब्लोअर पूर्ण वेगात ठेवा आणि इंजिन हळू चालू द्या. उजेड मंद असून एक्सलेटर दिल्यावर एकदम वाढत असेल, तर अल्टरनेटर कमी वेगात भार पेलत नाही किंवा बेल्ट घसरतो आहे. वायपर आणि काचा वर करणाऱ्या मोटारी संथ होणे, स्टेअरिंग जड होऊन त्याचा दिवा लागणे, एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार दिवे एकाच वेळी पेटणे, ही कमी व्होल्टेजचीच रूपे आहेत. नव्या गाड्यांतील स्टेअरिंगची मोटर बरीच वीज घेते, म्हणून तक्रार पहिल्यांदा तिथे दिसू शकते.

कानांनाही बरेच कळते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना किंवा एसी लावताना चिरकणारा आवाज आला, तर बेल्ट ढिला, गुळगुळीत किंवा ओला झालेला असतो. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बेअरिंगची असते. रेडिओतून इंजिनाच्या वेगाप्रमाणे चढ-उतार होणारी शिट्टी ऐकू आली, तर डायोडकडे संशयाने पाहावे. नाकाला जळालेल्या रबराचा वास आला तर बेल्ट, आणि तापलेल्या वायरीसारखा वास आला तर गुंडाळी किंवा ढिले कनेक्शन, असे साधारण गणित असते. बॅटरीजवळ सडक्या अंड्यासारखा वास येणे, तिच्या बाजू फुगणे किंवा पाणी लवकर कमी होणे, याचा अर्थ बहुधा रेग्युलेटर गेला आहे आणि बॅटरीत गरजेपेक्षा जास्त वीज ढकलली जात आहे. अशा वेळी गाडी चालवू नका, कारण त्या जादा व्होल्टेजने महागडे इलेक्ट्रॉनिक भागही जळू शकतात.

एक फसवे लक्षण वेगळे सांगते. गाडी रोज चालवली तर काहीही तक्रार नसते, पण दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. यामागे कधी डिकीतला चालू राहिलेला दिवा असतो, कधी नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम असतो, आणि कधी अल्टरनेटरचा गळका डायोड असतो. रात्रभर उभ्या गाडीच्या अल्टरनेटरला सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, हात लावून पाहा. इंजिन थंडगार असताना अल्टरनेटर कोमट लागला तर वीज तिथूनच गळते आहे.

३. साहित्य आणि कागदपत्रे जवळ ठेवा

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात तो काही शे रुपयांत मिळतो आणि एका चुकीच्या बॅटरीच्या किमतीत असे कितीतरी मीटर येतील. त्याशिवाय टॉर्च, हातमोजे, टर्मिनलचा पाना (बहुतेक गाड्यांना १० नंबरचा लागतो), खायचा सोडा, कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि व्हॅसलीन एवढे घ्या. नोंदींसाठी एक वही गाडीतच ठेवा.

कागदांमध्ये बॅटरीचे बिल आणि वॉरंटी कार्ड, गाडीचे आरसी पुस्तक किंवा स्मार्ट कार्ड आणि आधीच्या सर्व्हिसिंगची बिले लागतात. सुटा भाग मागवताना चेसिस क्रमांक विचारला जातो, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या क्षमतेचे अल्टरनेटर बसवलेले असू शकतात. विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची सोय आहे का, तेही आजच वाचून त्यांचा क्रमांक मोबाइलमध्ये साठवा.

४. मीटर लावण्याआधी डोळ्यांनी तपासा

इंजिन बंद करून, चावी काढून घेऊन बॅटरीचे टर्मिनल पाहा. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल किंवा वायर पकडणारी ग्रिप हाताने हलत असेल, तर अर्धा दोष तिथेच सापडला असे समजा. आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह टर्मिनल काढा, सोड्याच्या पाण्याने घासून कोरडे करा, उलट क्रमाने बसवा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. नंतर बेल्ट पाहा : चिरा, सुटलेले धागे, आरशासारखी चकाकी किंवा तेलाचे डाग दिसले तर तो बदलायला झाला आहे.

अल्टरनेटर अनेक गाड्यांत इंजिनाच्या खालच्या बाजूला असतो. कास, ठोसेघर, बामणोलीकडच्या रस्त्यांवरचा तांबडा चिखल त्याच्या हवेच्या खाचांत जाऊन बसतो आणि आतली उष्णता बाहेर पडू देत नाही. तो चिखल काढायचा म्हणून वॉशिंग सेंटरमध्ये दाबाच्या पाण्याचा फवारा थेट अल्टरनेटरवर मात्र मारू देऊ नका. पाणी बेअरिंगमध्ये आणि कार्बनपाशी जाते आणि बिघाड महिनाभराने प्रकट होतो.

५. तीन आकडे मोजा

मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या घरात ठेवा. लाल वायर मीटरच्या व्होल्ट लिहिलेल्या छिद्रातच असल्याची खात्री करा. ती १० अँपिअरच्या छिद्रात राहिली आणि तुम्ही बॅटरीला टोके लावली, तर थेट शॉर्ट सर्किट होते. इंजिन चालू असताना ओढणी, पदर, सैल बाह्या आणि मोकळे केस बेल्टपासून दूर ठेवा, आणि हातातल्या बांगड्या, अंगठ्या आधीच काढा. बॅटरीजवळ विडी-सिगारेट किंवा आगकाडी नको, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो.

पहिला आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, इंजिन बंद असताना, मीटरचे लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळे टोक निगेटिव्हला लावून घ्या. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

दुसरा आकडा इंजिन सुरू करून, सगळे दिवे बंद ठेवून घ्या. तो १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असावा. इंजिन चालू असूनही आकडा १२.५ वर थांबला किंवा मिनिटामिनिटाला उतरत गेला, तर अल्टरनेटर बॅटरीला काहीच देत नाही. आकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे.

तिसरा आकडा सर्वांत बोलका आहे आणि नेमका तोच बहुतेक जण घेत नाहीत. हेडलाइट, पूर्ण वेगातला ब्लोअर, मागच्या काचेचा डीफॉगर आणि ओल्या काचेवर वायपर असे सगळे चालू करा, मदतनिसाला एक्सलेटर किंचित दाबून इंजिन मिनिटाला १,५०० ते २,००० फेऱ्यांवर (आरपीएम) ठेवायला सांगा आणि पाहा. आकडा १३.५ च्या वर टिकला तर अल्टरनेटर भार पेलतो आहे. माझ्या गाडीत दुसरा आकडा १३.७ होता, म्हणजे जेमतेम बरा. भार टाकताच तो १२.१ वर घसरला. बॅटरीच्या दुकानात कोणीही भार टाकून पाहिले नव्हते, त्यामुळे दोष इतके दिवस लपून राहिला.

मदतनीस आहेच, तर त्याला स्टार्टर मारायला सांगून त्या क्षणीचा आकडाही पाहा. भरलेली बॅटरी इंजिन फिरवताना ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर ती खरोखरच थकलेली आहे.

येथे एक अपवाद लक्षात ठेवा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे दुसरा आकडा काही वेळ १२.८ च्या आसपास दिसला तरी तो दोष असेलच असे नाही. हेडलाइट लावून थोडा वेळ थांबा आणि पुन्हा मोजा. माइल्ड हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटरच्या जागी स्टार्टर आणि जनरेटर एकत्र असलेले यंत्र असते आणि पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतोच. या गाड्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

६. दोष अल्टरनेटरचा की वायरीचा, हे वेगळे करा

चार्जिंग कमी निघाले म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नका. सगळा भार चालू ठेवून मीटरचे लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टला आणि काळे टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला, तर वीज तयार होते आहे पण वाटेत अडते आहे. तसेच अल्टरनेटरचे धातूचे अंग आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात ०.२ पेक्षा जास्त फरक असेल, तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. दमट हवेत राहणाऱ्या महाबळेश्वर, जावळी भागातील गाड्यांनी हे तपासणे कधीही सोडू नये. तो जाड बोल्ट इंजिन बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेला असतो, म्हणून तिथे पाना लावायचा झाल्यास आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा.

आता एक ताकीद. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढून पाहायचे, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, ही जुनी पद्धत आजही काही ठिकाणी वापरली जाते. बॅटरी हटताच व्होल्टेज क्षणभर उसळते आणि इंजिनाचा कॉम्प्युटर, डायोड, रेग्युलेटर यांपैकी काहीही जळू शकते. समोरचा मिस्त्री कितीही अनुभवी असला, तरी त्याला नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा.

७. रस्त्यात दिवा लागला तर

सर्वप्रथम तापमानाचा काटा पाहा. अनेक गाड्यांत अल्टरनेटरचा बेल्टच पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो आणि काही मिनिटांत इंजिन तापते. काटा चढत असेल तर जागीच बाजूला थांबा. जीपसारख्या काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो, त्यामुळे बेल्ट गेल्यावर ब्रेक दगडासारखे घट्ट होतात. अशी गाडी घेऊन पसरणी किंवा खंबाटकी घाट उतरण्याचा विचारही करू नका.

तापमान आणि ब्रेक ठीक असतील, तर आता तुम्ही केवळ बॅटरीत साठलेल्या विजेवर चालला आहात. हॅलोजनचे दोन हेडलाइट मिळून ११० वॅट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर घेतात. ब्लोअर, वायपर, टाकीतला पेट्रोलचा पंप, इंजिनाचा कॉम्प्युटर आणि रेडिएटरचा पंखा धरले, तर हिशेब सहज ३५ अँपिअरवर जातो. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. कागदावर हा तासाभराचा साठा आहे. प्रत्यक्षात तो बराच आधी संपतो, कारण व्होल्टेज पुरेसे उतरले की पंप आणि कॉम्प्युटर काम सोडतात. म्हणून एसी, ब्लोअर, म्युझिक आणि चार्जर बंद करा, इंजिन बंद करू नका आणि जवळच्या उजेडाच्या, माणसांच्या जागेकडे वळा. रात्री हेडलाइट मात्र वीज वाचवण्यासाठी कधीही बंद करू नका. सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर गाळपाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. मंद उजेडात त्या अगदी जवळ आल्यावरच दिसतात. उजेड पिवळा पडू लागला की प्रवास तिथेच थांबवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि आणीबाणीत ११२ हे क्रमांक आहेत.

"बॅटरी नसली तरी गाडी चालते" असे सांगणारे अनुभवी लोक भेटतील. त्यांची जुन्या पद्धतीची डिझेल गाडी खरोखरच जवळजवळ विजेशिवाय चालत असे, कारण तिचा इंधन पंप यांत्रिक होता. आजची पेट्रोल किंवा कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमाने इंधन सोडणारी) डिझेल गाडी तशी चालत नाही.

जंपर केबलने, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून, गाडी सुरू करायची झाल्यास लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावा. केबल काढल्यावर थोड्याच वेळात गाडी पुन्हा बंद पडली, तर बॅटरीवर पैसे घालण्याचा विचार सोडून द्या.

८. दुरुस्ती कशी करून घ्यावी

सगळा अल्टरनेटर बदलणे हा शेवटचा उपाय आहे. माझा उतरवून उघडला तेव्हा त्या इलेक्ट्रिशियनने जुना आणि नवा कार्बन माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवला. नवा बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा होता आणि जुना झिजून तांदळाच्या दाण्याएवढा उरला होता. त्यामागची स्प्रिंग पूर्ण उलगडली होती आणि कार्बन रोटरच्या कड्याला कधी टेकत होता, कधी नाही. माझा बॅटरीचा दिवा मिणमिणत होता तो यामुळे. कार्बन आणि दोन्ही बेअरिंग बदलून काम झाले, आणि एकूण खर्च बॅटरीच्या किमतीपेक्षा कमी आला.

कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर आणि डायोड प्लेट हे भाग बहुतेक अल्टरनेटरमध्ये वेगळे बदलता येतात. गुंडाळी जळाली असेल किंवा रोटरच्या कड्यांवर खोल चर पडले असतील, तर मात्र कंपनीचा नवा किंवा वॉरंटीसह मिळणारा रिकंडिशन केलेला घ्यावा. अँपिअरचा आकडा मूळ भागाइतकाच असावा. बिलावर बदललेल्या प्रत्येक भागाचे नाव लिहून घ्या आणि जुने भाग मागून घ्या. दुसऱ्या हाताची गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी : सांगली-मिरज परिसरात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात अनेक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अल्टरनेटरच्या खाचांत वाळलेला गाळ आणि बोल्टांवर गंज दिसला, तर व्यवहाराआधी तो उघडून पाहण्याचा आग्रह धरा.

९. बसवल्यानंतर

उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि मगच गाडीला लावा. रिकामी बॅटरी भरण्याचे ओझे नव्याने बसवलेल्या अल्टरनेटरवर पहिल्याच दिवशी टाकले, तर तो तासन्‌तास पूर्ण क्षमतेने चालून तापतो. त्यानंतर गॅरेजमध्येच, पैसे देण्याआधी, वरचे तिन्ही आकडे स्वतः मोजा आणि तारीख व किलोमीटरसह वहीत लिहा. माझ्या वहीत त्या दिवशीचे आकडे १२.६, १४.३ आणि १३.९ असे आहेत; दर वर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, मी तेच पुन्हा मोजते आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहिते.